वानराला पाला, माकडाला बोंडू: पचनाचा हिशेब जनुकांत कुठे लिहिलेला असतो?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी विचारलं आहे: शाळेमागच्या काजूच्या बागेत वानरं आणि लाल तोंडाची माकडं, म्हणजे केलडी, दोन्ही येतात. माकडं पिकला बोंडू शोधत फिरतात, वानर मात्र शेजारच्या झाडाचा पाला ओरबाडत बसतो. एकाच रानातले, जवळच्या नात्यातले हे प्राणी. मग एकाला पाला पचतो आणि दुसऱ्याला नाही, हे जनुकांत लिहिलेलं असतं का? असेल तर कुठे? आणि मुलांचा पुढचा प्रश्न असा, की दूधसागर धबधब्याला लोक माकडांना बिस्किटं-वेफर्स देतात. पाच-दहा पिढ्यांत त्यांची पोटं त्याला सरावणार नाहीत का?

सर, मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही सरावणार. पण नुसतं 'नाही' म्हणून मुलांचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. मी गेली अनेक वर्षं गोव्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. गोठ्यातल्या गुरांपासून रानातून जखमी होऊन आलेल्या प्राण्यांपर्यंत सगळे हाताखालून गेले आहेत. समोर आलेल्या जिवाला काय खायला द्यायचं आणि काय चुकूनही द्यायचं नाही, हा माझ्यासाठी रोजचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या प्राण्याच्या आजच्या भुकेत नसतं, त्याच्या वंशाच्या इतिहासात असतं.

सुरुवात गव्यापासून करू, कारण तिथे एक गैरसमज ठाण मांडून बसलेला आहे. गवा गवत खातो म्हणजे त्याच्या शरीरात गवत पचवणारा रस असणार, असं मुलांना वाटतं. तसा रस त्याच्याकडे नाही. गवतातलं सेल्युलोज तोडणारं एन्झाइम कुठलाच सस्तन प्राणी पचनासाठी स्वतः बनवत नाही. गवा नाही, सांबर नाही, हत्ती नाही. ते काम पोटातले सूक्ष्मजीव करतात. गव्याच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जिवाणू, आदिजीव आणि बुरशी यांची प्रचंड वस्ती असते. चावलेला चारा तिथे आंबतो, त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात, आणि गव्याला लागणारी ऊर्जा मुख्यतः त्या आम्लांतून मिळते.

मग गव्याच्या जनुकांचं काम काय? एक काम या वस्तीला राहायला जागा देण्याचं: चार कप्प्यांचं पोट, रवंथ, आम्लाचा तोल राखणारी भरपूर लाळ. दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. हेच सूक्ष्मजीव शेवटी गव्याचं अन्न होतात. कोटीपोटात वाढलेले जिवाणू चाऱ्याबरोबर पुढे सरकतात आणि चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात, येऊन पडतात. त्यांच्या शरीरात प्रथिनं असतात, नायट्रोजन असतो. ते फोडून पचवता आले, तरच गवतासारख्या निकस चाऱ्यावर एवढं मोठं धूड उभं राहतं.

जिवाणूंचं कवच फोडणारं एन्झाइम आपल्या सगळ्यांकडे आहे. त्याचं नाव लायसोझाइम. ते आपल्या अश्रूंत असतं, लाळेत असतं, आईच्या दुधात असतं, आणि तिथे त्याचं काम रोगजंतूंपासून बचाव करण्याचं. गाय-गव्याच्या वंशात हेच जुनं जनुक नव्या कामाला जुंपलं गेलं. आधी त्याच्या प्रती वाढल्या. बहुतेक सस्तन प्राण्यांत असं एखाददुसरंच जनुक असतं, रवंथ करणाऱ्यांत ती सुमारे 10 आहेत. मग त्यातल्या काही प्रती जठरात चालू झाल्या, आणि त्यांच्यापासून बनणारं एन्झाइम जठराच्या आम्लात टिकेल, पेप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने तुटणार नाही, असं बदलत गेलं. अश्रूंतलं लायसोझाइम जठरात टाकलं तर त्याचा तिथे फारसा टिकाव लागत नाही. गाईच्या जठरातल्याचा लागतो.

आता मुलांच्या वानराकडे येऊ. वानराचं पोट कधी आतून बघितलं तर ते माकडाच्या पोटासारखं दिसत नाही. ते मोठं, फुगीर, कप्प्याकप्प्यांचं असतं, आणि पुढच्या भागात पाला आंबतो. वानर रवंथ करत नाही, पण तत्त्व तेच: आधी जिवाणूंना खाऊ घालायचं, मग जिवाणूंना खायचं. 1987 मध्ये कॅरो-बेथ स्ट्युअर्ट, जेम्स शिलिंग आणि ॲलन विल्सन यांनी 'नेचर'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी आपल्याच हनुमान वानराच्या जठरातलं लायसोझाइम घेतलं आणि त्यातला अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या घटकांचा, क्रम इतर प्राण्यांशी ताडून पाहिला. नात्याने वानर माकडाच्या आणि आपल्या जवळचा, गाय कितीतरी दूरची. तरीही वानराच्या लायसोझाइममध्ये काही अमिनो आम्लं नेमक्या त्याच जागी गाईसारखी बदललेली निघाली. दोन वंश, ज्यांचा समान पूर्वज पाला आंबवणारा नव्हता, स्वतंत्रपणे एकाच उत्तराला येऊन पोचले होते. पुढे 1994 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या होॲटझिन या पाला खाणाऱ्या पक्ष्यातही असाच प्रकार सापडला. त्याचं लायसोझाइम बदललं, पण त्याने त्यासाठी लायसोझाइमचं वेगळंच जनुक वापरलं.

वर्गात शिकवण्यासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण प्राणी मुलांच्या डोळ्यांसमोर आहे आणि अभ्यास त्याच्याच जातभाईंवर झालेला आहे.

याच कथेचा पुढचा भाग 2002 चा. जिवाणू झपाट्याने वाढतात, त्यामुळे त्यांच्यात आरएनए फार असतं, आणि आरएनएमध्ये नायट्रोजन असतो. तो परत मिळवायचा तर आरएनए तोडणारं एन्झाइम लहान आतड्यात भरपूर हवं. जियानझी झांग आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम-लाओसच्या जंगलातल्या डूक या पाला खाणाऱ्या वानरात पाहिलं की स्वादुपिंडाच्या रायबोन्यूक्लिएजचं, म्हणजे याच एन्झाइमचं, जनुक तिथे दुप्पट झालं आहे. एक प्रत जुन्या कामावर राहिली. दुसरी बदलली, आणि तिचं एन्झाइम 6.3 सामूला (सामू म्हणजे पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) सर्वांत जोमाने चालू लागलं. जुन्याचा सामू होता 7.4. पाला आंबवणाऱ्या वानराचं आतडं इतर माकडांपेक्षा जास्त आम्लधर्मी असतं, त्याला साजेसा हा बदल. म्हणजे आधी प्रत निघते, मग मूळ जनुक जुनं काम सांभाळतं आणि नवी प्रत बदलायला मोकळी राहते. उत्क्रांतीत नवं जनुक शून्यातून क्वचितच उभं राहतं. जे हाताशी आहे त्याचीच उसनवारी चालते.

आता माकड. माकडाला गालाच्या पिशव्या असतात. बोंडू, उंबर, चिकू, काय मिळेल ते भराभर आत कोंबायचं आणि सुरक्षित फांदीवर बसून सावकाश खायचं. पिशवीत अन्न असताना लाळेतल्या अमायलेजचं काम सुरू झालेलं असतं, आणि या गटातल्या माकडांच्या लाळेत ते भरपूर असतं. अमायलेज पिष्टमय पदार्थ तोडतं. इथे जनुकांनी वापरलेली युक्ती म्हणजे प्रतींची संख्या. काजूच्या हंगामात एका भट्टीवर काम भागेना, तर भट्टीची रचना न बदलता शेजारी दुसरी, तिसरी लावावी, तसं. एन्झाइम तेच, फक्त ते जास्त प्रमाणात तयार होतं.

कुत्र्याचं उदाहरण यात सगळ्यांत स्पष्ट आहे. 2013 मध्ये एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी लांडगा आणि पाळीव कुत्रा यांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, शेजारी ठेवले. लांडग्यात स्वादुपिंडाच्या अमायलेजच्या दोन प्रती होत्या. कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या दारात राहून भात-भाकरीवर जगणाऱ्या जनावरात ज्याला पिष्ट जास्त पचलं त्याची पिल्लं जास्त जगली, हा त्याचा सरळ अर्थ. आणि ऑस्ट्रेलियात लवकर पोचलेला, शेतीपासून दूर राहिलेला डिंगो बघा: त्याच्याकडे आजही लांडग्यासारख्याच दोन प्रती आहेत. 2019 मध्ये अनेक सस्तन प्राण्यांची तुलना झाली तेव्हा दिसलं की पिष्टमय अन्नाकडे वळलेल्या निरनिराळ्या वंशांत अमायलेजच्या प्रती स्वतंत्रपणे वाढलेल्या आहेत: उंदीर, डुक्कर, कुत्रा, माणूस. यातले बरेचसे आपल्याच कोठाराभोवती राहणारे आहेत.

इथवर वाचून मुलांना वाटेल की अनुकूलन म्हणजे काहीतरी वाढणं, मिळवणं. खरं तर गेल्या वीस वर्षांत जीनोम वाचायला लागल्यापासून जे सर्वांत जास्त दिसलं आहे ते गमावणं. जनुक एकदम नाहीसं होत नाही. ते वापरात नसलं की त्यात एखादं अक्षर गळतं, मध्येच थांब-संकेत येतो, आणि त्याने प्राण्याचं काही बिघडत नसल्यामुळे नैसर्गिक निवड ती चूक काढून टाकत नाही. मोडकं जनुक पिढ्यान्पिढ्या तसंच पुढे जातं. आपण ते वाचू शकतो, ते कधी मोडलं असावं याचा अंदाजही करू शकतो.

बिबट्या, वाघ, घरातली मांजर, या सगळ्या कुळाला गोड चव कळत नाही. जिभेवरच्या, गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे (रिसेप्टरचे) दोन भाग असतात, त्यातल्या एकाचं जनुक, टीएएस1आर2, या कुळात मोडलेलं आहे. घरच्या मांजरीत, वाघात आणि चित्त्यात ते तपासून 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. 2012 मध्ये दिसलं की हीच गोष्ट इतर मांसाहारी शाखांतही वेगवेगळ्या वेळी घडली आहे: सील, ठिपक्यांचा तरस, आणि आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांत खेकडे शोधणारं लहान नख्यांचं पाणमांजर. प्रत्येकात मोडण्याची जागा वेगळी. अस्वलाचं तसं नाही. तेही मांसाहारी गणातलं, पण मध आणि फळं खाणारं.

माझ्या धंद्यात मात्र मांजरकुळाचं दुसरं मोडकं जनुक जास्त महत्त्वाचं आहे. त्याचं नाव यूजीटी1ए6. वनस्पतींत फिनॉलसारखी रसायनं खूप असतात. पाला-फळं खाणाऱ्या प्राण्याचं यकृत त्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल चिकटवून बाहेर काढतं. त्या कामात हे जनुक लागतं. पिढ्यान्पिढ्या मांसावर जगणाऱ्या मांजरांना त्याचा उपयोग राहिला नाही, ते मोडलं. रानात त्याने काही अडलं नाही. पण घरात कुणी तापाने फणफणलेल्या मांजरीला माया म्हणून पॅरासिटामॉलची गोळी चारतं आणि मांजर मरते, कारण तीच यंत्रणा त्या गोळीलाही लागते. बिबट्याच्या बछड्याला औषध देतानाही हेच डोक्यात ठेवावं लागतं. मुलांना हे जरूर सांगा: घरच्या मांजरीला माणसाची गोळी कधीही द्यायची नाही.

मांजरकुळाची परावलंबिता तिथेच संपत नाही. टॉरिन हे पोषक द्रव्य त्यांना पुरेसं बनवता येत नाही, गाजरातल्या कॅरोटीनपासून जीवनसत्त्व अ बनवता येत नाही. अर्जिनाइन हे अमिनो आम्ल नसलेलं एकच जेवणही मांजरीच्या रक्तात अमोनिया वाढवतं. हे सगळं मांसात तयार मिळतं. शाकाहारी घरात दूधभातावर ठेवलेल्या मांजरी मी बघतो तेव्हा मला त्यांच्या मालकांच्या प्रेमाबद्दल शंका नसते, पण ते प्रेम त्या मांजरीच्या यकृताला कळत नाही.

आता खवले मांजराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण 'आहार तसं जनुक' हे सोपं समीकरण तिथे मोडतं.

मुंग्या-वाळवीचं बाह्य कवच कायटिनचं असतं. कायटिन तोडणारं एन्झाइम म्हणजे कायटिनेज, आणि पोटातल्या कायटिनेजच्या जनुकांना सीएचआयए म्हणतात. 2018 मध्ये क्रिस्तोफर एमर्लिंग, फ्रेदेरिक देल्सुक आणि मायकल नाखमन यांनी 107 सस्तन प्राण्यांचे जीनोम तपासले. त्यांना दिसलं की वार (गर्भाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) असलेल्या सस्तन प्राण्यांच्या पूर्वजाकडे अशी पाच जनुकं होती. डायनोसॉरच्या काळात वावरणारा तो लहानसा प्राणी किडे खात असावा, याचा हा अंतर्गत पुरावा. पुढे कुणी गवताकडे वळलं, कुणी मांसाकडे, आणि ज्या वंशाच्या आहारातले किडे कमी झाले त्याची ही जनुकं एकेक करून मोडत गेली. आजही किडे खाणाऱ्या अनेकांत ती जास्त संख्येने शिल्लक आहेत. आपल्या, म्हणजे माणसाच्या, जीनोममध्ये एक चालतं आणि बाकीच्यांचे अवशेष पडलेले आहेत.

आफ्रिकेतल्या, मुंग्या-वाळवी खाणाऱ्या आर्डवार्ककडे पाचही आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या तमांडुआ या मुंगीखाऊकडे चार. मग ज्याचं सगळं आयुष्य मुंग्या-वाळवीवर चालतं, ज्याच्या तोंडात एक दात नाही, एनॅमलची जनुकंसुद्धा मोडलेली आहेत, त्या खवले मांजराकडे किती असावीत? एक. फक्त एक.

हे आश्चर्य उलगडतं ते त्याच्या नात्यातून. खवले मांजर दिसायला मुंगीखाऊसारखं, पण त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे मांसाहारी गण: मांजरं, कुत्री, अस्वलं. असं दिसतं की त्या समाईक वंशाने किडे खाणं कमी केलं तेव्हाच बाकीची कायटिनेज जनुकं मोडली. नंतर खवले मांजराची शाखा मुंग्यांकडे वळली, तेव्हा हातात एकच जनुक उरलं होतं. मोडलेली चार परत जोडली गेली नाहीत. मग त्या एकावरच सगळा भार आला: नंतरच्या अभ्यासांत दिसलं की खवले मांजरात ते एकटं जनुक लाळग्रंथींपासून पुढच्या पचन अवयवांपर्यंत ठिकठिकाणी चालू असतं, तर मुंगीखाऊ त्यासाठी वेगवेगळ्या प्रती वेगवेगळ्या अवयवांत वापरतो. बाहेरून सारखे दिसणारे दोन प्राणी आतून वेगळ्या वाटेने तेच काम भागवतात.

गोव्याच्या डोंगराळ भागातून अधूनमधून खवले मांजर पकडल्याची, सुटका केल्याची बातमी येते. लोक विचारतात, त्याला दूध-अंडी देऊन पिंजऱ्यात वाढवता येणार नाही का? जगभर याचे प्रयत्न झाले आहेत आणि खवले मांजर बंदिस्त जागेत टिकवणं अत्यंत कठीण ठरलं आहे. इतक्या अरुंद वाटेवर चालत आलेल्या प्राण्याचं पचन, हालचाल, ताण सहन करण्याची ताकद, सगळं त्या एका अन्नाभोवती बांधलेलं आहे. जखम नसेल तर तपासून शक्य तितक्या लवकर, जिथे सापडलं त्याच भागातल्या रानात सोडणं हाच त्याच्यासाठी सर्वांत चांगला उपचार, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक युक्ती अजून सांगतो, कारण ती मला विलक्षण सुंदर वाटते. यकृतात एजीटी नावाचं एन्झाइम असतं. त्याचं काम ग्लायॉक्सिलेट या पदार्थाची विल्हेवाट लावणं. ते नाही झालं तर त्यापासून ऑक्झलेट बनतं आणि मूत्रपिंडात खडे होतात. वनस्पती खाणाऱ्यात ग्लायॉक्सिलेट पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्यात तयार होतं. मांस खाणाऱ्यात ते मांसातल्या कोलॅजेन या प्रथिनापासून, पेशीतल्याच मायटोकॉन्ड्रिया या दुसऱ्या कप्प्यात. म्हणून शाकाहारी प्राण्यांत एजीटी पेरॉक्सिझोममध्ये असतं आणि मांजरासारख्या मांसाहाऱ्यात मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात. एन्झाइम तेच आहे. जनुकाच्या सुरुवातीचा, पत्ता सांगणारा छोटा भाग तेवढा बदलतो. 2004 मध्ये मांसाहारी गणातल्या प्राण्यांची तुलना करून दाखवलं गेलं की ज्यांच्या आहारात वनस्पती वाढल्या त्यांच्यात हा पत्ताही सरकलेला आहे. माणसात एजीटी पेरॉक्सिझोममध्ये असतं. काही कुटुंबांत ते एका जनुकीय दोषामुळे चुकून मायटोकॉन्ड्रियात जातं, आणि लहान मुलांची मूत्रपिंडं खड्यांनी निकामी होतात. पेशीतला पत्ता चुकण्याची किंमत इतकी मोठी असते.

जीवनसत्त्व क ची गोष्ट मुलांना पुस्तकात भेटते, म्हणून ती थोडक्यात. ते बनवणारं शेवटचं एन्झाइम जीयूएलओ; माकड, वानर आणि माणूस या सगळ्यांच्या पूर्वजात त्याचं जनुक मोडलं. फळं-पाला रोज मिळत होता, अडलं नाही. आपल्या रानातला वनमाणूस, म्हणजे लोरिस, मात्र प्राइमेट्सच्या ज्या शाखेतला आहे तिच्यात ते शाबूत आहे. पिंजऱ्यात नुसत्या भातावर ठेवलेल्या माकडाला स्कर्व्ही होतो, तो या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या मोडतोडीमुळे.

आता बिस्किटांकडे. मुलं म्हणतील, कुत्र्याच्या प्रती वाढल्या, मग माकडाच्या का वाढणार नाहीत? त्यासाठी काय घडावं लागतं ते बघू. आधी काही माकडांत तसा जनुकीय फरक असावा लागतो. मग त्या फरकामुळे त्यांची पिल्लं इतरांपेक्षा जास्त जगावी लागतात, म्हणजे दुसऱ्या बाजूला इतरांची कमी जगावी लागतात. आणि हे सतत, त्याच दिशेने, शेकडो-हजारो पिढ्या चालावं लागतं. कुत्र्याच्या बाबतीत ते शेतीच्या हजारो वर्षांत झालं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवसांत येणाऱ्या पर्यटकांच्या पिशव्या ही तशी परिस्थिती नव्हे.

माकड बिस्किटं मिटक्या मारत खातं हे खरं, आणि ती त्याला पचतातही. साखर-मैदा माकडाला सहज पचतो. पण पचणं आणि मानवणं वेगळं. गोड, तेलकट, तंतू नसलेलं अन्न मिळत राहिलं की दात किडतात, अंगावर चरबी चढते, आणि रानातली फळं शोधायची गरज कमी झाल्यामुळे कळप रस्त्याकडेला राहू लागतो. मग गाडीखाली सापडणं, माणसाला चावणं हे ओघाने येतं.

वानर आणि गव्याच्या बाबतीत मात्र धोका लगेचचा असतो, आणि तो पुन्हा त्यांच्या पोटातल्या वस्तीमुळे. कोटीपोटाचा सामू साधारण 6 ते 7 असतो. गाईने एकदम भरपूर शिजलेला भात, धान्य किंवा फणसाचे गरे खाल्ले, तर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू भराभर वाढतात, सामू 5 च्या आसपास किंवा त्याखाली घसरतो, आणि नेहमीची वस्ती मरते. याला ॲसिडोसिस म्हणतात. फणसाच्या दिवसांत गोव्यातल्या कुठल्याही पशुवैद्याला विचारा, पोटफुगी आणि सुस्ती घेऊन आलेलं जनावर त्याने पाहिलेलं असतं. वानराचं पोटही आंबवणारं. त्याला केळी-पाव देणाऱ्याला हे माहीत नसतं. देवळाच्या आवारात वानरांना श्रद्धेने केळ्यांचे घड देणारे लोक मला माहीत आहेत. हनुमंतावरची त्यांची भक्ती खरी आहे. त्यांना मी एवढंच सांगतो की वानराची सेवा करायची असेल तर आवारात वड, पिंपळ, उंबर लावा.

सूक्ष्मजीव जनुकांपेक्षा कितीतरी लवकर बदलतात, हेही मुलांना कळायला हवं, नाहीतर चित्र अर्धं राहील. अमेरिकेच्या वाळवंटात वुडरॅट नावाचा उंदीर क्रिओसोट हे विषारी झुडूप खातो. 2014 मध्ये केविन कोल, डेनिस डियरिंग आणि सहकाऱ्यांनी क्रिओसोट खाणाऱ्या उंदरांच्या आतड्यातले सूक्ष्मजीव क्रिओसोट कधीच न खाल्लेल्या उंदरांना दिले. त्यांना ते विष पूर्वीपेक्षा जास्त सोसवू लागलं. जनुकं तीच, वस्ती नवी. पिल्लाला ही वस्ती आईकडून, कळपाकडून, रानातल्या अन्नातून मिळते. आईपासून तुटलेलं रानातलं पिल्लू वाढवताना नुसतं दूध भरवून भागत नाही, ते याचमुळे. त्या पिल्लाला त्याच्या जातीचा पाला लवकर हुंगायला, चघळायला मिळायला हवा.

वर्गात करण्यासारखं एक सुचवतो. पीटीसी या रसायनात बुडवलेल्या कागदी पट्ट्या शाळांना विज्ञान साहित्याच्या दुकानांत मिळतात. जिभेवर ठेवली की काही मुलांना ती कडू लागते, काहींना कोरा कागद वाटतो. हा फरक बहुतांशी टीएएस2आर38 या कडू चवीच्या जनुकामुळे. जपानमधल्या किई द्वीपकल्पाच्या भागातल्या माकडांत याच जनुकाचं सुरुवातीचं एक अक्षर बदललेलं सापडलं आणि ती माकडं पीटीसीच्या कडवटपणाला बधिर निघाली. त्या भागात लिंबूवर्गीय फळं होतात, आणि त्यांतल्या कडू पदार्थांकडे दुर्लक्ष करता आल्याचा या माकडांना फायदा झाला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. हा बदल पसरायला काही हजार वर्षं लागली असावीत. उत्क्रांतीच्या मानाने ते झपाट्याने झालं असं म्हणतात.

पट्ट्यांचा प्रयोग झाला की मुलांना शाळेमागच्या बागेत न्या. वानर आणि माकड एकाच झाडावर असताना कोण काय खातं ते लिहू द्या: पान कोवळं की जून, फळ कच्चं की पिकलं, बी गिळली की थुंकली, खाल्ल्यानंतर किती वेळ नुसतं बसून काढला. वानर पिकल्यापेक्षा कच्चं फळ जास्त खाताना दिसेल, आणि दुपारी बराच वेळ स्वस्थ बसलेला दिसेल. पाला आंबायला वेळ लागतो. लांबूनच बघा, हातात खाण्याचं काही ठेवू नका. काजूचे बोंडू संपून मिरग लागेपर्यंतची नोंद झाली तर दोघांच्या आहारातला फरक मुलांना स्वतःच्याच वहीत दिसेल. वही भरली की मला पाठवा, मी प्रत्येक पान वाचेन.